लढाई थांबते, हगवण थांबत नाही : डॉक्टरकाकूंना विचारा

मागच्या अंकात मी गच्चीवरची पाण्याची टाकी कशी धुवायची ते लिहिलं होतं. जाता जाता एक वाक्य टाकलं की युद्धात गोळीपेक्षा घाण पाण्यानं बऱ्याचदा जास्त माणसं जातात. झालं, टाकीबद्दल एकानेही विचारलं नाही, सगळी पत्रं त्या एका वाक्यावर. इंदूरकरांना टाकी धुवायला सांगितली की असंच होतं. असो, जमतील तेवढी घेतली आहेत, काही छाटलीत, नावं छापत नाही, मोहल्ला तेवढा ठेवलाय.

गाझात पोलिओ सापडला ही बातमी वाचली तेव्हापासून डोक्यात आहे. बॉम्बमध्ये तर जंतू नसतात, मग पोलिओ कुठून आला? आणि पेपरात लिहिलं होतं की तो लशीतूनच आलेला पोलिओ. आमच्या सासूबाई लगेच म्हणाल्या, बघ, मी म्हणतच होते. (सुदामा नगर)

सासूबाईंचं आधी घेते कारण त्या अर्ध्या बरोबर आहेत आणि अर्धं बरोबर जास्त त्रास देतं. तोंडाने द्यायच्या थेंबांमध्ये पोलिओचा जिवंत पण अशक्त केलेला विषाणू असतो. तो बाळाच्या शीतून बाहेर पडतो आणि आजूबाजूच्या सगळ्या पोरांचे डोस झालेले असले तर त्याला पुढे जायला घरच मिळत नाही, तिथेच संपतो. पण डोस न झालेली पोरं पुष्कळ असली, आणि संडासाचं पाणी रस्त्यावर, रस्त्यावरचं हांड्यात असा प्रकार असला, की तो महिनोन्महिने या पोटातून त्या पोटात फिरतो आणि फिरता फिरता गेलेली ताकद परत कमावतो. म्हणजे गडबड लस दिल्याने होत नाही, अर्ध्यांना दिली आणि अर्ध्यांना नाही यामुळे होते. सासूबाईंना हे वाचून दाखवा, जेवणानंतर दाखवा.

आता गाझा. २०२२ मध्ये तिथे पोलिओचं लसीकरण ९९ टक्के होतं, म्हणजे भल्या भल्या देशांना जमत नाही इतकं, आणि २०२३ मध्ये ते ८९ वर आलं. दहा टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण एका तंबूत तीन कुटुंबं आणि बाहेर गटार उघडं असलं की दहा टक्के पुरतात. जून २०२४ मध्ये खान युनिस आणि देर अल बलाहच्या सांडपाण्याचे नमुने घेतले त्यात विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाचा पाय लुळा पडल्याचं नक्की झालं, पंचवीस वर्षांत तिथली पहिली केस. एकच बाळ म्हणून कोणी हलकं घेऊ नका, पोलिओ शेकडो पोरांना होऊन जातो तेव्हा एखाद्याचा पाय जातो, बाकीच्यांना नुसता ताप नाहीतर तेही नाही. पाय दिसतो तोवर विषाणू गावभर फिरून आलेला असतो, म्हणून तर गटारात शोधतात.

हेच सीरियात आधी झालं होतं. १९९९ नंतर तिथे पोलिओ नव्हता, २०११ ला लढाई सुरू झाली, दोनच वर्षांत, २०१३ मध्ये, देर एझ-झोर भागातून सुरू होऊन पस्तीसेक पोरं लुळी पडली, आणि तो विषाणू मुळचा पाकिस्तानातला निघाला. लढाईने जंतू तयार केला नाही. तो कुठे ना कुठे होताच, दार लावून ठेवलं होतं ते लढाईने उघडलं.

पाणी खराब होतं म्हणता म्हणजे नक्की काय होतं? कोणी विहिरीत काही टाकतं का? मी वीज मंडळातून निवृत्त झालोय, नीट समजावून सांगा. (लोकमान्य नगर)

काका, तुम्हाला तर हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. टाकत कोणी काही नाही, पंप बंद पडतो.

आपलंच घ्या. इंदूरचं पाणी इंदूरचं नाहीच, ते नर्मदेचं, जलूदला उचलतात आणि विंध्य चढवून सत्तरेक किलोमीटर आणतात, १९७८ पासून. त्यात किती ठिकाणी वीज लागते मोजा. शिवाय क्लोरीनचे सिलेंडर कुठून तरी यायला लागतात, लीकेज झालं तर खड्डा खणायला माणूस लागतो आणि त्या माणसाला एक तारखेला पगार लागतो. यातली कुठलीही एक गोष्ट थांबली की नळाला पाणी येणं बंद, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी येणं कधी बंद. पाइपात प्रेशर नसलं की बाजूच्या गटाराचं पाणी फटीतून आत ओढलं जातं, मग पाणी सुटलं की तेच पहिलं तुमच्या बादलीत.

येमेनमध्ये अगदी हेच झालं. २०१५ पासून मोठी लढाई, ऑगस्ट २०१५ मध्ये होदेदा बंदरातल्या क्रेन बॉम्बने उडवल्या, आणि त्या देशाचं बहुतेक धान्य आणि औषधं बाहेरून येणारी. २०१६ च्या उत्तरार्धात सरकारी माणसांचे पगार थांबले, यात डॉक्टर नर्स आले तसे कचरा उचलणारे आणि पंप चालवणारेही आले. ऑक्टोबर २०१६ मध्ये कॉलरा दिसला, थोडा दबला, आणि एप्रिल २०१७ मध्ये, राजधानी सनाचं सांडपाण्याचं केंद्र विजेअभावी बंद पडलं त्याच महिन्यात, तो असा काही उसळला की डिसेंबर संपेपर्यंत संशयित रुग्णांचा आकडा दहा लाखांच्या पुढे. दोन हजारांहून जास्त माणसं गेली. बॉम्बचे फोटो सगळ्यांनी बघितले, पगाराचा फोटो काढता येत नाही म्हणून ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मला विचाराल तर साथीच्या दृष्टीने येमेनमधली सगळ्यात वाईट गोष्ट थांबलेला पगार, हे माझं मत, कोणी भांडायचं तर भांडा.

युद्धात प्रेतं पडून राहतात, ती सडतात, त्यातून साथ येते असं लहानपणापासून ऐकलंय. खरं का? (राजेंद्र नगर)

जवळजवळ नाही. हे सगळ्यांना खरं वाटतं कारण वास येतो, आणि वास आला की रोग आला असं आपल्या मनात बसलेलं आहे. जखमेने किंवा स्फोटात गेलेल्या माणसाच्या शरीरात साथीचा जंतू मुळात नसतो, आणि असला तरी माणूस गेल्यावर बहुतेक जंतू फार दिवस टिकत नाहीत. अपवाद आहेत, इबोला आणि कॉलऱ्याने गेलेल्यांना हात लावताना खरंच जपायला लागतं. पण घाईघाईने ओळख न पटवता सगळ्यांना एका खड्ड्यात लोटलं तर साथ थांबत नाही, उलट मागे राहिलेल्यांना आपलं माणूस नक्की गेलं का हे आयुष्यभर कळत नाही. तेवढ्यात जे डिझेल आणि जी माणसं लागली ती जिवंत लोकांना पाणी द्यायला वापरायची होती.

जिवंत लोकांचं उदाहरण सांगते, गोमा. जुलै १९९४, रवांडातून पाचेक दिवसांत पाच ते आठ लाख माणूस सीमा ओलांडून आजच्या काँगोतल्या गोमा गावाशी येऊन बसला. इंदूरच्या चौथ्या हिश्श्याएवढी माणसं चालत येऊन उघड्यावर बसलीत असं डोळ्यासमोर आणा. जमीन ज्वालामुखीची, काळा कडक दगड, त्यात ना संडासाचा खड्डा खणता येत ना कबर. पाणी म्हणजे समोरचा किवू तलाव, त्यातच सगळं. कॉलरा सुरू झाला, त्याच्या मागून रक्ती हगवण, आणि पहिल्या महिन्यात सुमारे पन्नास हजार माणसं गेली. प्रेतं रस्त्याकडेला होती, त्याचेच फोटो जगभर गेले आणि लोकांना वाटलं प्रेतांमुळे साथ. उलटं होतं, साथीमुळे प्रेतं.

आमच्या पणजीकडून चालत आलेली गोष्ट, की महिदपूरच्या लढाईच्या वेळी इंग्रजांच्या छावणीवर देवीचा कोप झाला, त्यांनी पवित्र जागी गाय कापली म्हणून, आणि हजारो शिपाई हगवणीने मेले. यात काही खरं आहे का नुसतीच गोष्ट? (पंढरीनाथ)

हे पत्र आलं तेव्हा मी पोहे खात होते, तसेच राहिले. तुमच्या पणजींनी दोन-तीन खऱ्या गोष्टी एकत्र शिवल्या आहेत, शिवण उसवून दाखवते.

महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७, होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह, त्यानंतर इंदूर राजधानी झालं आणि महूला छावणी बसली. इथवर आपल्याला शाळेतच माहीत. पण महिदपूरला जी इंग्रज फौज होती ती दक्षिणेकडून आलेली, मेलेली ती नव्हे. कॉलऱ्याने मार खाल्ला तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या स्वतःच्या मोठ्या फौजेने, आणि ती होती वर बुंदेलखंडात, शिंद्यांवर डोळा ठेवून. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करायचा हे निमित्त, ५ नोव्हेंबर १८१७ ला दौलतराव शिंद्यांनी दबावाखाली तहावर सही केली, आणि त्याच महिन्यात छावणीत माणसं पटापट पडायला लागली.

हा कॉलरा (इकडे आपण हैजा म्हणतो, तिकडे महाराष्ट्रात पटकी) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंगालात जेसोरला भडकला होता आणि गंगेच्या बाजूने वर सरकत होता. फौज त्याच्या वाटेत येऊन बसली. आता फौज म्हणजे काय हे लक्षात घ्या, लढणारे दहा-बारा हजार असतील तर मागे बाजारबुणगे त्याच्या कितीतरी पट, मोदी, घसियारे, भिश्ती, डोलीवाले, हमाल, त्यांच्या बायका-पोरं, बैल, हत्ती. एक चालतं शहर, नदीच्या एका काठावर, आणि सगळ्यांचं प्यायचं, धुवायचं, बसायचं तेच पाणी. पानिपतावर आपलीही तीच गत झाली होती, तिथे उपासमार आणि घाण दोन्ही. हेस्टिंग्जच्या छावणीत काही दिवसांत हजारो गेले आणि त्यात शिपायांपेक्षा बाजारबुणगेच कितीतरी जास्त. खुद्द हेस्टिंग्जने आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं म्हणतात की मी गेलो तर तंबूतच गुपचूप पुरा, शत्रूला कळू देऊ नका. शेवटी छावणी हलवून बेतवा नदीच्या काठी एरचला नेली तेव्हा साथ ओसरली. डॉक्टरांना वाटलं हवा बदलली म्हणून, खरं तर पाणी बदललं म्हणून, पण हे कळायला लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोने १८५४ मध्ये साथीचं मूळ म्हणून दाखवलेला पाण्याचा पंप आणि जर्मन डॉक्टर कॉखने १८८४ मध्ये कॉलऱ्याचा जंतू दाखवलेला सूक्ष्मदर्शक लागणार होता.

गाईची गोष्टही पणजींची स्वतःची नाही, ती बुंदेलखंडातली आहे. ओरछाचा राजपुत्र हरदौल, त्याच्या नावाच्या राईत गोऱ्या शिपायांसाठी गाई कापल्या म्हणून कोप झाला असं तिथले लोक म्हणायला लागले, आणि त्यानंतर हरदौल लालाचे चौथरे हैजापासून राखणारा देव म्हणून गावोगाव झाले. तिकडून कोणाच्या तरी बरोबर ती गोष्ट माळव्यात आली आणि तुमच्या घरात देवी झाली. आपल्याकडे जरीमरी आणि मरीआई होत्याच, त्यामुळे तिला जागा तयार होती.

पण गोष्टीत राहून गेलेला भाग सांगते. साथ छावणीत संपली नाही. त्या काळात फौजा सारख्या इकडून तिकडे, टपालाचे सांडणीस्वार, बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे, आणि १८१८ मध्ये कॉलरा त्यांच्या बरोबर नागपूर, पुढे औरंगाबाद, पुणे करत ऑगस्टमध्ये मुंबईत पोचला. पेशवाई ज्या वर्षी बुडाली त्याच वर्षी. तह झाले, तोफा थंड झाल्या, आणि ज्यांचा लढाईशी काही संबंध नव्हता ती खेडी त्यानंतर रिकामी झाली.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्मा फ्रंटला होते. ते सांगायचे की रोज परेडला उभं करून एक पिवळी गोळी समोर गिळायला लावायचे, नाही गिळली तर साहेबाची नोकरी जायची. शिपायाने गोळी नाही घेतली तर साहेबाची नोकरी कशी जाईल? आम्ही हसायचो. (महू)

हसायला नको होतं, आजोबा शंभर टक्के बरोबर. ती मेपाक्रीन, मलेरियाची. आधी क्विनाइन होतं पण जगातलं बहुतेक क्विनाइन जावा बेटावरून यायचं आणि १९४२ मध्ये ते जपान्यांनी घेतलं. मग ही गोळी. हिने कातडी पिवळी पडायची आणि शिपायांमध्ये अफवा होती की मर्दानगी जाते, त्यामुळे जिभेखाली धरून नंतर थुंकायचे.

१९४३ मध्ये त्या आघाडीवर जखमी होऊन मागे आणावा लागणाऱ्या एका माणसामागे आजारी पडून आणावे लागणारे एकशेवीस असायचे. एकाला एकशेवीस! मलेरिया, हगवण, स्क्रब टायफस. तिथल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती जनरल स्लिम, त्याने मग काय केलं, कुठल्याही तुकडीत अचानक जाऊन तपासणी करायची, आणि ९५ टक्क्यांपेक्षा कमी माणसांनी गोळी घेतलेली दिसली की त्या तुकडीचा मुख्य अधिकारी बडतर्फ. तीनच जणांना काढायला लागलं, बाकीचे समजले. शिपायाला रागावून काही होत नाही हे त्याला कळलं होतं. आमच्याकडे मोहिमेत टार्गेट पूर्ण झालं नाही की आधी गावातल्या आशाताईला झापतात, वरच्याला कोणी विचारत नाही, हे आपलं सहज आठवलं.

१९१८ चा फ्लू स्पेनमधून आला का? (विजय नगर, नववीतली विद्यार्थिनी)

नाही. पहिलं महायुद्ध चालू होतं, लढणाऱ्या देशांत आजाराच्या बातम्या दाबायचे, स्पेन लढाईत नव्हतं म्हणून तिथल्या पेपरांनी छापलं आणि नाव त्यांच्या डोक्यावर बसलं. आपल्याकडे तो फौजेच्या बोटींतून मुंबई बंदरात उतरला, जून १९१८ मध्ये पहिले आजारी पडले त्यात गोदीवरचा पोलीस शिपाई होता. दुसरी लाट पावसाळा संपता संपता आली, ती भयंकर. देशात कोटीच्या वर माणसं गेली, नेमकी किती यावर अजून वाद आहे. गंमत म्हणजे (गंमत कसली) आपलं इंदूर त्याच्या आदल्या वर्षी प्लेगशी झगडत होतं, पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१७ च्या दिवाळीला शहरात मोठी मिरवणूक काढली होती, त्यात भलामोठा उंदीर केला होता. त्यावर तुझ्या शाळेत प्रोजेक्ट कर, छान होईल.

आमचे मामा कलकत्त्याला नोकरीला होते. कोणाचे डोळे आले की ते म्हणायचे "जय बांगला झालाय". लढाईशी काही संबंध आहे का? आणि ओआरएसचा शोध लढाईत लागला असं माझी सून म्हणते, ती फार्मसीत आहे. (तिलक नगर)

मामांचं पूर्ण खरं, सूनबाईंचं पाऊण.

१९७१, पूर्व पाकिस्तानात मार्चमध्ये कत्तल सुरू झाली आणि डिसेंबरपर्यंत एक कोटीच्या आसपास माणसं आपल्याकडे आली, सगळ्यात जास्त पश्चिम बंगालात. त्याच वर्षी डोळे येण्याची जबरदस्त साथ आली आणि कलकत्त्याच्या लोकांनी तिला स्वातंत्र्याच्या घोषणेचं नाव देऊन टाकलं, जय बांगला. डोळे आले, दहा दिवसांत गेले, नाव राहिलं.

डोळ्यांनी कोणी मरत नाही, कॉलऱ्याने मरत होते. सीमेजवळ बनगावला डॉ. दिलीप महालनबीस पोचले तेव्हा हॉस्पिटलच्या खोल्यांत जमिनीवर पेशंट, त्यांच्यापर्यंत जायचं तर त्यांच्याच उलट्या-जुलाबातून गुडघे टेकून जायचं. सलाइन संपत आलेलं, आणि सलाइन लावायला हात तरी किती? मीठ, साखर आणि पाण्याचं मिश्रण, म्हणजेच ओआरएस, कॉलऱ्यात पोटातून चालतं हे आधीच, १९६० च्या दशकात, ढाका आणि कलकत्त्याच्या प्रयोगशाळांत दिसलं होतं, म्हणून सूनबाईंना पाऊण मार्क. पण ते मोजून मापून, डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायचं असं सगळे धरून बसले होते. महालनबीसांच्या हातात नजर ठेवायला माणसंच नव्हती. त्यांनी कलकत्त्याला मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पिशव्या भरून घेतल्या, तोटीच्या ड्रममध्ये पाणी कालवलं, आणि पाजायचं काम पेशंटच्या आईला, भावाला, जो कोणी शेजारी बसलेला असेल त्याला दिलं. शंभरात पंचवीस-तीस जात होते, ते तीन-चारवर आले.

हे का चालतं ते सांगते कारण हे कळलं की पाजायचा कंटाळा येत नाही. कॉलऱ्यात आतडं पाणी बाहेर फेकत असतं, नुसतं पाणी पाजलं तर ते तसंच निघून जातं. पण आतड्याचा एक दरवाजा कॉलऱ्यातही चालू राहतो, त्यातून साखर आत जाताना मिठाचा हात धरून जाते आणि मिठाच्या मागून पाणी जातं. साखर नसली तर मीठ बाहेरच, आणि जास्त गोड केलं तर उलट पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून कोल्ड्रिंक चालत नाही. घरी पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंदाजे नाही, मोजून.

१९७१ चा दुसरा भाग कोणी सांगत नाही. कलकत्त्याच्या सॉल्ट लेकच्या निर्वासित छावणीत देवी आल्या होत्या आणि त्या कांजिण्या म्हणून सोडून दिल्या. बांगलादेशाचा भाग १९७० मध्ये देवीमुक्त झालेला होता. लढाई संपली, माणसं आनंदाने घरी गेली, आणि त्यांच्याबरोबर देवीही घरी गेल्या. त्या घालवायला १९७५ उजाडलं. छावणीतल्या एका चुकीच्या निदानाची किंमत तीनेक वर्षं.

लस देणाऱ्या बायकांना पाकिस्तानात गोळ्या घालतात असं वाचलं. इतकी कसली अक्कल गहाण टाकलीय त्या लोकांनी? (छत्रीबाग)

गोळ्या घालणाऱ्यांना माफी नाहीच. डिसेंबर २०१२ मध्ये काही दिवसांत कराची आणि पेशावरकडे नऊ जणांना मारलं, बहुतेक बायका, घरोघर थेंब पाजत फिरणाऱ्या. पण भिया, अक्कल फक्त एका बाजूने गहाण पडली नव्हती. २०११ मध्ये अबोटाबादला बिन लादेन ज्या घरात होता तिथल्या मुलांचे नमुने मिळावेत म्हणून अमेरिकेच्या सीआयएने एका स्थानिक डॉक्टरकडून हेपटायटिस बीच्या लशीची खोटी मोहीम काढवली. ते उघड झालं. मग जे तालिबानी आधीपासून म्हणत होते की लसवाले हेर आहेत त्यांना पुरावाच मिळाला, जून २०१२ मध्ये वझिरिस्तानात त्यांनी लसीकरण बंद करून टाकलं, आणि २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओच्या ३०६ केसेस झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेने जाहीर केलं की पुन्हा लशीच्या मोहिमेचा असा वापर करणार नाही. बैल गेला आणि झोपा केला.

काँगोत २०१८ ते २०२० च्या इबोलात हेच वेगळ्या तऱ्हेने झालं, लस होती, चांगली होती, पण वर्षानुवर्षं मारामारीत कोणी फिरकलं नाही आणि इबोला आल्यावर गाड्यांचे ताफे बंदूकधाऱ्यांसकट आले, तर लोक कशाला विश्वास ठेवतील? उपचार केंद्रांवर हल्ले झाले. ३,४७० रुग्ण, त्यातले २,२८७ गेले.

उलट उदाहरणंही आहेत. अल साल्वादोरमध्ये १९८५ ला भर यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी पोरांना लस देण्यापुरती लढाई थांबवली. सुदानमध्ये १९९५ ला जिमी कार्टरने नारूच्या निर्मूलनासाठी जवळजवळ सहा महिने थांबवायला लावली. गाझातही सप्टेंबर २०२४ मध्ये भागाभागाने काही तास हल्ले थांबवून साडेपाच लाखांच्या वर पोरांना थेंब पाजले. थेंबांसाठी थांबता येतं, मग बाकीच्यासाठी का नाही, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे वैद्यकीय उत्तर नाही.

मुलगा युक्रेनला एमबीबीएसला होता, २०२२ मध्ये खारकीव्हच्या तळघरात सहा दिवस काढून परत आला. आता राहिलेल्या कामासाठी पुन्हा तिकडे जायचं म्हणतो. ऐकत नाही. निदान काय काळजी घ्यायची ते सांगा. (स्कीम नंबर ७८)

ताई, जावं की नाही हे तुम्ही दोघं ठरवा, मी लशीचं सांगते. युक्रेनमध्ये लढाईच्या आधीच लसीकरण ढासळलेलं होतं, २०१७ ते २०१९ मध्ये गोवराच्या लाखाच्या वर केसेस झाल्या होत्या, आणि २०२१ मध्ये पोलिओसुद्धा सापडला होता. औषधांना दाद न देणारा टीबी तिथे जुना आहे, आणि टीबीला तळघर फार आवडतं, बंद हवा, दाटी, रात्र रात्र तीच माणसं. शिवाय पेशंट गाव सोडून पळाला की गोळ्यांचा कोर्स मध्येच तुटतो, मग साधा टीबीही हट्टी होतो.

तेव्हा गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस झालेत का बघा, धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर दहा वर्षांत झाला नसेल तर घ्यायला लावा, हेपटायटिस बी मेडिकलला असल्याने झालाच असेल पण विचारा, पोलिओच्या डोसाचंही डॉक्टरांना विचारून घ्या. परत आल्यावर खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला तर खोकल्याचं औषध बदलत बसू नका, थुंकीची तपासणी करा आणि तिथे कुठे राहिला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. लहानपणीचं लशीचं कार्ड सापडत नाही असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. सगळ्यांचं असंच असतं, माझ्या मुलाचंही कुठल्या पेटीत आहे देव जाणे. गोवराचा डोस चुकून जास्तीचा झाला तरी काही बिघडत नाही, सरळ दोन डोस पुन्हा द्या, मध्ये चार आठवडे सोडून, म्हणजे तिकीट काढायच्या आधी तारखा मोजा.